दर्यावर्दी चित्रकार

श्रोतेहो, समुद्राचे चित्र पाहण्याची हौस पुष्कळांस असते. समुद्राचे चित्र वाचण्याची सवय मात्र थोड्यांसच असते. परभणी जिल्ह्यासारख्या मुलखात तर समुद्राची पहिली ओळख बहुधा चित्रातूनच होते. कोकणचा किनारा येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. म्हणून दिवाणखान्यातील भिंतीवर लावलेले निळे पाणी, पांढरे शीड आणि मावळता सूर्य एवढ्यावर आपण समुद्र पाहिल्याचे समाधान मानून घेतो. वस्तुतः आपण समुद्राला इतके परके नाही. जूनमध्ये जो मोसमी वारा कोकणातील शिडाची गलबते बंदरात ओढून ठेवावयास लावतो, तोच पुढे परभणीच्या काळ्या रानातील ज्वारी-कापसाला पाऊस घेऊन येतो. पाथरी आणि गंगाखेड या तालुक्यांतून वाहणारी आपली गोदावरी अखेरीस पूर्व समुद्रासच मिळते. ज्या वाऱ्याची आपण शेतकऱ्याच्या नजरेने वाट पाहतो, त्याच वाऱ्याकडे खलाशी निराळ्या नजरेने पाहतो, इतकाच काय तो भेद.

ही खलाशाची नजर चित्रकाराच्या हाती आली म्हणजे काय घडते, हे एका मनुष्याच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव डॉमिनिक सेरेस. जन्माने तो फ्रेंच. पोट भरले ते प्रथम समुद्रावर आणि मग इंग्लंडात. हा परदेशी गृहस्थ मराठी श्रोत्यांपुढे आणण्याचे कारण असे की, आपल्या आरमाराच्या इतिहासातील एका अत्यंत दुःखद दिवसाचे चित्र याच्या कुंचल्यातून उतरले आहे. १७५६ सालच्या फेब्रुवारीत विजयदुर्ग किल्ला, ज्याला इंग्रज घेरिया म्हणत, तो पडला आणि तुळाजी आंग्रे याचे आरमार जळाले. त्या प्रसंगावर सेरेसने १७७१ साली तैलचित्र रंगविले. ते आज इंग्लंडमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. त्या चित्राकडे जाण्यापूर्वी ते काढणारा कोण होता, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्रान्सच्या नैऋत्येस गॅस्कनी नावाचा प्रांत आहे. तेथील ऑश या गावी १७२०च्या सुमारास सेरेसचा जन्म झाला. घराणे सुखवस्तू होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्याला मठातील पाठशाळेत घालण्यात आले. परंतु मुलाचे मन तेथे रमले नाही. त्याची जी चरित्रकथा परंपरेने सांगितली जाते तिच्याप्रमाणे, घरच्यांचा बेत मानवेना तेव्हा हा तरुण पळाला, पायी चालत स्पेन देशात गेला आणि दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या एका जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. ओळखीपाळखीचा आधार नाही, हाती कसब नाही, अशा मुलाला जहाजावर जे काम मिळते तेच त्याला मिळाले असणार. डेक घासणे, दोर ओढणे, अपरात्री डोलकाठीवर चढून शीड आवरणे, हीच त्या धंद्यातील मुळाक्षरे होत. तीच गिरवीत तो वर चढला आणि पुढे एका व्यापारी जहाजाचा कप्तान झाला.

यानंतर दैवाचा फासा उलटा पडला. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन यांची समुद्रावर वारंवार जुंपत असे. अशा एका धामधुमीत सेरेसचे जहाज इंग्रजी लढाऊ जहाजाच्या तावडीत सापडले आणि तो युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आला. धर्मपीठ सोडून समुद्र जोडला, तो समुद्रही गेला. देश दूर, भाषा परकी, जहाज शत्रूचे झालेले. दुसरा एखादा मनुष्य सुटका होताच पुन्हा बंदर गाठता. सेरेसने इंग्लंडातच राहावयाचे ठरविले, तेथेच लग्न केले, आणि चित्रे काढून उदरनिर्वाह करू लागला.

आता प्रश्न असा की, खलाशाला चित्रकला कोठून आली? याचे उत्तर त्या काळच्या नौकानयनातच आहे. छायाचित्रे नव्हती, नकाशे अपुरे होते. अनोळखी किनारा दिसू लागला म्हणजे त्यावरील डोंगर, सुळके, किल्ले यांची आकृती कप्तान किंवा त्याचा सहायक वहीत काढून ठेवी. पुढच्या खेपेस तोच डोंगर तसाच दिसला की बंदराचे तोंड कोठे आहे, खडक कोठे आहेत, याचा उलगडा होई. किनाऱ्याची आकृती चुकली तर जहाज खडकावर जाई. अशा धंद्यात वाढलेल्या माणसाची रेघ शोभेसाठी नसते. ती जिवावरच्या गरजेतून आलेली असते. सेरेसची रंगविद्या पुढे वाढली ती लंडनात. परंतु तिचे जोते समुद्रावर घातले गेले होते.

लंडनात त्याचा संबंध चार्ल्स ब्रुकिंग या चित्रकाराशी आला आणि सागरचित्रणाचे पुष्कळसे मर्म त्याने ब्रुकिंगकडून उचलले. हा ब्रुकिंगही गोद्यांच्या परिसरात वाढलेला, जहाजांची खडान्‌खडा माहिती असलेला मनुष्य. त्याच्याविषयी एक हकीकत सांगतात. तो आपली चित्रे एका दुकानदारास अल्प मोलाने विकी. आणि गिऱ्हाइकाने परस्पर चित्रकाराकडे जाऊ नये म्हणून तो दुकानदार चित्रावरील सही पुसून टाकी. अनाथ बालकांसाठी चालविलेल्या लंडनमधील एका संस्थेच्या खजिनदाराने शोध घेऊन ब्रुकिंगला पुढे आणले आणि १७५४ साली त्याच्याकडून एक भव्य सागरचित्र करवून घेतले. परंतु दैव सुधारण्यास उशीर झाला होता. १७५९ साली ब्रुकिंग क्षयाने वारला, तोही दारिद्र्यात. गुरूच्या या उदाहरणावरून शिष्याने काय धडा घेतला असेल तो असो. त्यानंतर सेरेसच्या नावावरील सही मात्र कोणास पुसता आली नाही.

त्याला काळही अनुकूल होता. १७५६ पासून १७६३ पर्यंत जे सप्तवार्षिक युद्ध चालले, त्यात इंग्रजांना समुद्रावर मोठे विजय मिळाले. विजयी सेनापती आणि कप्तान घरी परतले, त्यांच्या पदरी लुटीचा पैसा आला, आणि आपल्या पराक्रमाची चित्रे दिवाणखान्यात असावीत असे त्यांस वाटू लागले. परंतु ही गिऱ्हाइके मोठी कठीण. सामान्य श्रीमंताला लाट हिरवी की निळी एवढेच दिसते. कप्तानाला दिसते ते निराळेच. वारा वायव्येचा असता निशाण दक्षिणेकडे कसे फडकले? लढाईच्या वेळी आग लागू नये आणि समोरचे दिसावे म्हणून खालची मोठी शिडे आवरलेली असतात, ती येथे मोकळी कशी? जहाज नांगरून उभे आहे तर त्याचे तोंड वाऱ्याकडे किंवा भरती-ओहोटीच्या ओढीकडे हवे, ते भलतीकडे का? असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरून समुद्र पाहिलेला चित्रकार उत्तर देऊ शकत नाही. सेरेस देऊ शके, कारण तो स्वतः तो दोर ओढून आलेला होता.

येथे सागरचित्राचे एक रहस्य सांगून ठेवणे बरे. अशा चित्रात खरा नायक जहाज नसून वारा असतो. वारा दिसत नाही. परंतु चित्रातील प्रत्येक वस्तू त्याच्या हुकमतीखाली असते. शिडाचा फुगवटा, निशाणाची दिशा, तोफांच्या धुराचा कल, लाटेच्या माथ्यावरचा फेस, जहाजाचे एका कुशीवर कलणे, ही सर्व एकाच वाऱ्याची साक्ष देत असली पाहिजेत. एकाही साक्षीदाराची जबानी फिरली की चित्र खोटे पडते. डोळस प्रेक्षकाने सागरचित्रापुढे उभे राहिल्यावर प्रथम वारा कोठून येतो हे शोधावे. मग बाकीचे चित्र आपोआप बोलू लागते.

सेरेसचा लौकिक झपाट्याने वाढला. १७६८ साली तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आश्रयाने लंडनमध्ये रॉयल अॅकॅडमी ही कलासंस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक सभासदांत सेरेसचे नाव होते. सागरचित्रण हाच ज्याचा मुख्य व्यवसाय असा त्या मंडळीत तो एकटाच. काही वर्षांपूर्वी जो शत्रुराष्ट्राचा कैदी म्हणून या देशात आला, तो आता त्या देशाच्या सर्वोच्च कलासंस्थेच्या जनकांपैकी एक झाला.

परंतु या उत्कर्षात एक बोचरी गोष्ट होती, आणि ती दृष्टिआड करून चालणार नाही. सेरेसला मागणी होती ती इंग्रजांच्या विजयाच्या चित्रांना. तो विजय पुष्कळदा फ्रान्सवर, म्हणजे त्याच्या जन्मभूमीवर, किंवा स्पेनवर, म्हणजे ज्या देशाच्या आश्रयाने तो दर्यावर्दी झाला त्या देशावर मिळविलेला असे. त्याची सर्वांत गाजलेली मालिका १७६२ साली इंग्रजांनी स्पेनकडून जिंकून घेतलेल्या क्यूबा बेटावरील हवाना शहराची आहे. त्या स्वारीत केपेल घराण्यातील तिघे भाऊ होते. त्या घराण्यासाठी सेरेसने वेढ्याचे एकामागून एक प्रसंग रंगविले. स्पेनच्या अमेरिकेतील व्यापाराचे हवाना हे नाके. स्पॅनिश जहाजावर वाढलेल्या माणसाला त्या बंदराचे महत्त्व कोणी सांगावयास नको होते. त्याच बंदरावर पडणारे गोळे त्याला आता मोबदला घेऊन रंगवावे लागत होते.

यावर कोणी म्हणेल की, हा पोटासाठी केलेला स्वदेशद्रोह होय. तसे म्हणणे सोपे आहे. परंतु न्याय्य नाही. कैद्याने ज्या देशात संसार मांडला तेथील गिऱ्हाइकाचे काम घेतले, इतकेच त्याने केले. विचार करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. काम घेतल्यावर त्याने हरणाऱ्या पक्षाशी कसे वर्तन केले? चित्र विजेत्याच्या पैशाने होत असले म्हणजे पराजिताचे जहाज वेडेवाकडे, हास्यास्पद, निर्जीव असे दाखविण्याचा मोह फार मोठा असतो. सेरेसच्या चित्रांत शत्रूचे जहाजही तितक्याच बारकाईने बांधलेले असते. त्याच्याही दोरांचा हिशेब बरोबर लागतो. ज्याने स्वतः हरलेल्या जहाजाच्या डेकवर उभे राहून पाहिले आहे, त्याला हरलेले जहाजही जहाजच असते हे ठाऊक असते. ही त्याची नेकी त्याच्या धंद्यातून आलेली होती.

हा मुद्दा ध्यानात ठेवून आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्या पश्चात मुलांमध्ये कलह माजला आणि आरमाराची दोन शकले झाली. उत्तरेस कुलाब्यास मानाजी, तर दक्षिणेस विजयदुर्गास प्रथम संभाजी आणि नंतर तुळाजी. तुळाजी मोठा धाडसी. इंग्रज, डच, पोर्तुगीज यांची जहाजे धरण्यात त्याने कसूर केली नाही. कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाजही त्याने हस्तगत करून आपल्या ताफ्यात आणले. परंतु पुण्याच्या पेशव्यांशी त्याचे सख्य उरले नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी करार करून तुळाजीवर मोहीम काढली. त्याच वर्षीच्या एप्रिलात कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या वर्षी ॲडमिरल वॉटसन याचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हचे पायदळ विजयदुर्गावर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. तुळाजी बोलणे करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तेथेच अडकला. त्याचे कुटुंब किल्ल्यात राहिले.

वाघोटन नदीच्या मुखाशी, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर विजयदुर्ग उभा आहे. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते त्या खाडीत एकमेकांस लागून बांधलेली होती. कोकणच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीत वाऱ्याचा नेम ठरलेला असतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी दुपारी खारा वारा धरून इंग्रजी जहाजे दोन रांगांनी आत शिरली. एका रांगेने किल्ल्यावर, दुसरीने आरमारावर मारा सुरू केला. एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. जहाज पेटले, त्याची आग शेजारच्या गुराबांस लागली, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली. कान्होजींच्या काळापासून जमविलेले आरमार संध्याकाळपर्यंत जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट विजेत्या इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांच्या फौजेस तीतून वाटा मिळाला नाही. त्याच साली ऑक्टोबरात झालेल्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे गेले आणि विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. किल्ला परत आला. त्यातील आरमार मात्र परत येण्यासारखे राहिले नव्हते.

या घटनेनंतर पंधरा वर्षांनी सेरेसने तिचे चित्र रंगविले. तो स्वतः त्या दिवशी विजयदुर्गास नव्हता. तो तेव्हा इंग्लंडात होता. अशा प्रसंगी सागरचित्रकार आपले चित्र तेथे हजर असलेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी, जहाजाच्या रोजनाम्यातील नोंदी आणि किनाऱ्याच्या आकृत्या यांवरून जुळवीत. कोणते जहाज कोठे होते, वारा कोणता, किती वाजता काय झाले, हे रोजनाम्यात टिपलेले असे. त्या शुष्क नोंदींना रंगरूप देण्यास खलाशाचा अनुभव लागे. येथे एक योगायोगही आहे. विजयदुर्गावरील मोहिमेत वॉटसनचा दुय्यम असलेला जॉर्ज पोकॉक हाच पुढे १७६२ साली हवानावरील आरमाराचा प्रमुख होता. म्हणजे ज्या दर्यासारंगाने कोकणच्या खाडीत आग पाहिली, त्यानेच क्यूबाच्या किनाऱ्यावर निशाण रोविले; आणि दोन्ही प्रसंग एकाच माजी खलाशाच्या कुंचल्याखालून गेले.

श्रोतेहो, या चित्राकडे मराठी माणसाने कोणत्या दृष्टीने पाहावे? दोन दृष्टींनी पाहावे लागेल. पहिली दृष्टी कारागिरीची. तिने पाहिले तर चित्रकाराशी आपले भांडण नाही. वारा, धूर, शीड, तोफ यांच्या बाबतीत तो आपल्याशी खोटे बोलण्याचा संभव थोडा. कारण खोटे बोलणे त्याच्या हाताच्या वळणातच नव्हते. दुसरी दृष्टी इतिहासाची. तिने पाहिले म्हणजे ध्यानात येते की, चित्रातील रेघ चित्रकार ठरवितो; परंतु चित्राचा क्षण कोणता, हे पैसे देणारा ठरवितो. कान्होजींनी खांदेरीवर आणि विजयदुर्गावर चालून आलेली इंग्रजी आरमारे हात हलवीत परत लावली, त्या दिवशीचे चित्र मागण्यास लंडनात गिऱ्हाईक नव्हते. तुळाजी छावणीत अडकला ती रात्र कोणी रंगवून मागितली नाही. नानासाहेबांनी स्वकीयाचे आरमार परकीयाच्या हातून जाळविले, त्या निर्णयाचा क्षण तर कोणत्याही पडद्यावर उतरणारा नव्हता. मागणी होती ती आगीच्या क्षणाला, आणि तोच क्षण उरला. प्रत्येक रेघ खरी असूनही संपूर्ण सत्य चित्रात नसते, ते या अर्थाने.

विजेत्यांनी स्मरणाची दुसरीही सोय केली. सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स १७८३ साली वारला. त्याच्या विधवेने पुढच्याच वर्षी लंडनच्या आग्नेयेस एका टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ तीन कोनांचा बुरूज उभारला. त्याचे नाव ‘सेव्हर्नद्रूग कॅसल’, म्हणजे आपल्या सुवर्णदुर्गाचाच इंग्रजी अपभ्रंश. तो बुरूज आजही उभा आहे.

मग आपल्याकडे काहीच नव्हते काय? असे म्हणणे चूक होईल. गुराबे व गलबते दाखविणारी काही देशी चित्रे उपलब्ध आहेत. कागदपत्रे आणि बखरी तर पुष्कळच आहेत. त्याहून जुनी साक्ष दगडातील आहे. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांनी चालणाऱ्या जहाजांच्या रांगा, त्यांवरील योद्धे आणि समुद्रावरील युद्ध कोरलेले आहे. काही अभ्यासक या शिल्पांचा संबंध देवगिरीचा यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातील युद्धाशी जोडतात. त्या युद्धात सोमेश्वराचा अंत समुद्रातच झाला. हे यादव म्हणजे आपल्याच मुलखाचे राजे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणे येथे जी मंदिरे उभी आहेत, ती यादवकालीन स्थापत्याची निशाणी मानली जातात. म्हणजे ज्या सत्तेच्या छायेत चारठाण्याचे खांब कोरले गेले, त्याच सत्तेची फौज कोकणच्या समुद्रापर्यंत पोहोचली होती. आपल्या पूर्वजांना समुद्र ठाऊक नव्हता, असे परभणीकरांनी तरी म्हणू नये.

परंतु वीरगळ आणि सेरेसचे चित्र यांत एक अंतर आहे. वीरगळ कोरणारा पाथरवट वीराला स्वर्गात पोहोचवितो. त्याला वारा कोणत्या दिशेचा होता याची फिकीर नसते. वीराचे पुण्य हा त्याचा विषय. सेरेसला स्वर्गाशी कर्तव्य नाही; त्या दुपारी काय घडले हा त्याचा विषय. समाजाला दोन्हींची गरज असते. आपल्याकडे पहिल्याची परंपरा भरघोस राहिली. दुसऱ्याची कमतरता राहिली, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्याने काम केले त्याच्या हाती लेखणी किंवा कुंचला द्यावयाचा नाही, आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने दोराला हात लावावयाचा नाही, अशी आपली वाटणी फार जुनी. कोकणातील तांडेल, सारंग आणि खलाशी यांना किनाऱ्याचा एकएक सुळका पाठ होता. ते ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी गेले आणि शिडाची गलबते ओसरू लागली तशी त्याला उतरती कळा लागली. त्यांच्यापैकी एखाद्याला कोणी कागद-रंग दिले असते, तर विजयदुर्गाची दुसरी बाजू पाहण्यास आज आपल्याला ग्रिनिचच्या संग्रहालयाकडे तोंड करून बसावे लागले नसते.

सेरेसच्या आयुष्याचा उत्तरार्ध मानाचा गेला. १७८० साली तो राजाचा सागरचित्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याला अनेक भाषा येत, वाचनाचीही आवड होती. म्हणून १७९२ साली अकॅडमीने त्याला आपल्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल नेमले. लहानपणी जो पाठशाळेतून पळाला, त्याच्या हाती उतारवयात ग्रंथालयाच्या किल्ल्या आल्या. १७९३च्या नोव्हेंबरात तो वारला.

त्याचा मुलगा जॉन टॉमस हाही सागरचित्रकार होता आणि बापाचा राजदरबारचा मान पुढे त्याच्याकडे आला. आरमार खात्याने त्याला जहाजावर पाठवून परदेशच्या किनाऱ्यांची दृश्ये काढवून घेतली. म्हणजे चित्र पुन्हा आपल्या मूळच्या कामी, जहाजाला वाट दाखविण्याच्या कामी आले. संसारात त्याला यश आले नाही. कर्जापायी त्याचे हाल झाले आणि १८२५ साली तो वारला. परंतु त्याने एक मोठे काम करून ठेवले. वडिलांची आणि स्वतःची रेखाटने एकत्र करून १८०५-०६ मध्ये त्याने सागरचित्रण शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जहाजाचे एकएक अवयव सुटे करून दाखविले आहेत. मग संपूर्ण जहाज, मग नाना प्रकारच्या वाऱ्यांत चालणारी जहाजे. बापाने जे ज्ञान दोराच्या फोडांनी मिळविले, ते मुलाने कागदावर ठेवून कोणाही होतकरूला खुले केले. विद्या अशी वाटली म्हणजे ती माणसाबरोबर सरत नाही.

या चरित्राचा इत्यर्थ इतकाच. कष्टाने हात राबविलेल्या माणसाचे ज्ञान हे चित्राला, ग्रंथाला आणि इतिहासाला सारखेच मोलाचे असते. आणि ज्या समाजात ते ज्ञान कागदावर उतरत नाही, त्या समाजाच्या आयुष्यातील मोठे दिवस दुसऱ्याच्या निवडीने स्मरणात राहतात. गोदाकाठचा नावाडी, काळ्या रानातील शेतकरी, गावचा सुतार आणि लोहार यांच्यापाशी आजही असे ज्ञान आहे. घरातील शाळकरी मुलांना सुटीत एक कोरी वही द्यावी, आणि नाव कशी बांधतात, तिफण कशी जोडतात, वाऱ्यावरून पावसाचा अंदाज कसा घेतात, हे त्या जाणत्यांना विचारून रेखाटून आणावयास सांगावे. रेघ वाकडी आली तरी चालेल, परंतु वारा खरा असावा.